विहाराचे गाळे कुणाचे?

आमच्या जालना जिल्ह्यातल्या एका विहाराला रस्त्याच्या कडेला चार गाळे आहेत. बांधकाम वर्गणीतून झालं. ऊसतोडीवरून परतलेल्या मजुरांनीही त्यात पैसे घातले. आज एक गाळा अध्यक्षांच्या पुतण्याकडे आहे, दुसरा सचिवांच्या मेव्हण्याकडे, तोही बाँडपेपरवर पंधरा वर्षांच्या कराराने. मागच्या वर्षी पोरांनी हिशेब मागितला तर उत्तर आलं, "तुम्ही कोण विचारणारे? आम्ही ट्रस्टी आहोत."

अहो, ट्रस्टी आहात म्हणूनच विचारतोय. मालक असता तर विचारलं नसतं.

विश्वस्ताच्या हाती मालमत्ता असते ती लाभार्थ्यांसाठी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ३६अ सांगतं की, सामान्य शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो तितक्या काळजीने ट्रस्टची मालमत्ता सांभाळा. आता मला सांगा, या अध्यक्षांनी स्वतःच्या घरचा गाळा पंधरा वर्षं एकाच भाड्याने दिला असता का?

इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त आणि शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विक्री, अदलाबदल, बक्षीसपत्र यांनाही लागते. ती नसेल तर व्यवहार वैध ठरत नाही. अपवाद म्हणून मागाहून मंजुरीची सोय आहे, पण ती पुतण्याच्या सोयीसाठी केलेली नाही. १८८२ चा भारतीय विश्वस्त कायदा खाजगी ट्रस्टचा, तो विहारांना थेट लागू होत नाही. तरी त्यातलं ५१ वं कलम वाचा: विश्वस्ताने ट्रस्टची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये. हे समजायला कायदा तरी कशाला लागतो?

यावर दोन युक्तिवाद ठरलेले. पहिला, "आम्ही चळवळीसाठी आयुष्य घातलं." घातलं असेल, त्याबद्दल आदर आहे. पण त्यागाची परतफेड गाळ्यांतून होत नसते. दुसरा, "घरातलं भांडण चव्हाट्यावर आणू नका, विरोधकांचं फावतं." माझ्या मते त्यांचं खरं फावतं ते आपण गप्प बसतो तेव्हा.

दादरचं आंबेडकर भवन आठवा. बाबासाहेबांनी स्थापलेल्या ट्रस्टची वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात पाडली गेली. इमारत धोकादायक होती, असं विश्वस्तांच्या बाजूने सांगण्यात आलं. ते खरं धरलं तरी ज्यांच्यासाठी ती वास्तू होती त्यांना दिवसाउजेडी बोलावून का सांगितलं नाही? जुलैमध्ये हजारो लोक मुंबईत रस्त्यावर उतरले, ते पाडकामानंतर. आपल्याला जाग येते तीच मुळी जेसीबीच्या आवाजाने.

थोडं आपल्याबद्दलही बोलू. पोरांनी व्हॉट्सॲपवर महिनाभर भांडण केलं, पण ट्रस्टच्या नोंदीचा उतारा एकानेही काढला नाही. मी धर्मादाय कार्यालयात जाऊन काढला. विश्वस्तांच्या यादीत तीन नावं मयत माणसांची. नवे पदाधिकारी आले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो दिलेला नाही. म्हणजे जे "आम्ही ट्रस्टी" म्हणून दरडावत होते त्यांतल्या दोघांची नावं कागदावरच नाहीत! चारही गाळ्यांची मालमत्तेत नोंद नाही. वर्गणी देताना पावती मागितली असेल तर ती मोजक्यांनीच. काही गावांत तर विहाराची जागाच एखाद्या पुढाऱ्याच्या नावावर आहे, ट्रस्टच नाही. तिथली लढाई याहून अवघड.

लाभार्थी हा कायद्याने हितसंबंधित माणूस आहे. संस्था सोसायटी असेल तर सभासद. तो कलम ४१ब खाली चौकशीची मागणी करू शकतो. विश्वस्ताने मालमत्तेचा गैरव्यवहार केला, हिशेब द्यायला सतत टाळाटाळ केली, तर ४१ड खाली त्याला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. दावा लावायचा असेल तर दोन हितसंबंधित माणसं आणि धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते.

आम्ही त्या मंडळाला लेखी कळवलंय: येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर तीन वर्षांचा जमाखर्च विहारात वाचून दाखवा आणि चारही करारांच्या प्रती ठेवा. वाचला तर चहा आमच्याकडून. नाहीतर ४१ब चा अर्ज टाइप करून तयार आहे. त्यावर पहिली सही करणाऱ्या आजीकडे बांधकामाच्या वेळची वर्गणीची पावती अजून जपून ठेवलेली आहे.

जयभीम.