फ्यूजच्या जागी तार
वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावी, जेथे आगीचा बंब शहराहून यावयाचा, तेथे घरच्या ॲम्प्लिफायरचा फ्यूज उडताच त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणे मला अत्यंत घातक वाटते. २ अँपिअरचा तो फ्यूज असा निकामी केला, की पुढे ट्रान्झिस्टर जळून ट्रान्सफॉर्मरमधून ५ अँपिअरचा प्रवाह वाहू लागला, तरी भिंतीवरील १६ अँपिअरचा एमसीबी स्वस्थच राहतो, आणि वेटोळ्यांवरील वेष्टन, विशेषतः वर भरतकामाचा रुमाल पसरून हवेची छिद्रे बुजविलेली असल्यास, पेटण्याइतके तापते. अशा विद्युत्‌यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी काढलेल्या केंद्र सरकारच्या २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या हुकुमात संगीतयंत्रे २०० वॉटपासून व ॲम्प्लिफायर २००० वॉटपासून पुढचेच घेतले गेले. गोरगरिबांच्या घरची लहान यंत्रे वगळावयास नको होती. निदान दुकानदारांनी तरी प्रत्येक यंत्रासोबत योग्य मापाचे दोन फ्यूज द्यावेत.