राघू पिसे का उपटतो?

पाठ केलेले घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘ही नुसती पोपटपंची’ असे मी वर्गात कितीतरी वर्षे ऐकवत आलो. अलीकडे मात्र हा शब्द तोंडातून निघत नाही. त्याला कारण डिचोलीच्या मावशीचा राघू.

मावशी मूळची बेळगावची. घरात मराठी, शेजारात कोकणी आणि माहेरची आठवण आली की कानडी. आपल्या घरांत राघू आणि गिणी ही दोन्ही नावे चालतात, तिथे त्यात कोकणी ‘कीर’ची भर पडलेली. सोप्यावर पाऊल टाकले की पिंजऱ्यातून आधी ‘ऊटा आतेनु?’ आणि पाठोपाठ ‘जेवण जालें?’ अशी चौकशी व्हायची. 11 वर्षांपूर्वी वादळात पडलेल्या माडाच्या ढोलीत सापडलेले हे पिल्लू काकांनी हाताने भरवून वाढवले होते. सकाळचा चहा, वर्तमानपत्र आणि राघू हा त्यांचा नेम.

काका गेले ते मृग नक्षत्रावर. दिवाळीच्या सुटीत आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो आणि साखळीवरून डिचोलीला पोचलो. सोपा मुका होता. पिंजरा मागच्या पडवीत हलवलेला. आत राघू बसला होता, पण छाती नि पोट उघडेबोडके, पंखांखालची कातडी लालसर. माझ्या देखत त्याने मान वळवली, एक पीस चोचीत धरले आणि खुडून टाकले. माझी धाकटी रडायलाच लागली.

मावशीने उपाय केले नव्हते असे नाही. खोबरेल तेल लावून झाले, हळद झाली, कडुलिंब झाला. दृष्टही काढून झाली. शेवटी पेडण्याला दिलेल्या मावसबहिणीने तिच्या ओळखीच्या पशुवैद्यांचे नाव सुचवले. पिंजऱ्यावर कापड टाकून आम्ही राघूला पेडण्याला नेले.

डॉक्टरांनी आधी डोके पाहिले. डोक्यावरची पिसे दाट नि चकचकीत होती. ते म्हणाले, “पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. डोकं शाबूत आणि छाती उघडी, म्हणजे हा स्वतःच पिसं उपटतोय. डोक्याचीही गळली असती, तर विषाणूजन्य रोगाचा संशय आला असता.” पीस गळणे नेहमीचे असते, पण त्यात अशी उघडी टकले पडत नाहीत, हेही त्यांनी सांगितले. मग कातडी, विष्ठा तपासून झाली. रोग काही सापडला नाही.

“खायला काय देता?” सूर्यफुलाच्या बिया, मिरची आणि चहात बुडवलेले बिस्कीट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नुसत्या बियांत चरबी फार आणि अ जीवनसत्त्व कमी, त्याने कातडी कोरडी पडते. तेल तर पिसांना मुळीच लावायचे नाही. पिसे चिकटतात, ऊब राहत नाही आणि पक्षी ते चाटतो.

मग त्यांनी विचारले, “घरात काय बदललं?”

मावशी गप्प बसली. उत्तर आम्हा सगळ्यांना कळले होते. दिवसांच्या कामात माणसांची ये-जा, म्हणून पिंजरा मागे नेला, तो तिथेच राहिला. पोपट हा थव्यात राहणारा जीव. एकट्या पाळलेल्या पोपटाला घरची माणसे हाच थवा. त्याचा एक माणूस गेला आणि उरलेल्यांपासून त्याला वेगळे काढले गेले. पीस उपटले की ‘अरे अरे’ करत घर धावते, एवढे मात्र तो शिकला. मग बोलवायला तेच एक साधन उरले.

डॉक्टरांनी सांगितले ते पाखरे पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पिंजरा माणसांच्या वावरात, पण स्वयंपाकाच्या धुरापासून दूर. पपई, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्ये. चहा, मीठ, चॉकलेट, अव्होकॅडो वर्ज्य. सकाळी पाण्याचा हलका फवारा नि कोवळे ऊन. रात्री 10 ते 12 तास शांत काळोख. कुरतडायला पेरूची डहाळी, नारळाची सोडणे, मक्याचे कणीस. पिसे उपटताना ओरडायचे नाही, शांत असताना बोलायचे. आणि घाई नाही, कारण पिसे यायला महिने लागतात. वारंवार उपटून मूळच मेले, तर तिथे पीस पुन्हा येत नाही.

निघताना ते हळूच म्हणाले, “आजी, हा पक्षी घरी ठेवता येत नाही, हे ठाऊक आहे ना?” आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हटले तर खोटे ठरेल. आपल्या रानातले पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्यावर हिरवा राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे. आफ्रिकन ग्रेसारख्या परदेशी पोपटांचीही 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. दार उघडून सोडून देणे हा मात्र उपाय नव्हे. हातावर वाढलेला पोपट बाहेर कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो.

त्या संध्याकाळी पेडण्याच्या शेतांवरून रानपोपटांचा थवा कलकलाट करत गेला. पिंजऱ्यातल्या राघूने मान वर केली आणि बराच वेळ तो तसाच राहिला. मावशीने ते पाहिले, बोलली काही नाही.

शिमग्यापर्यंत त्याच्या छातीवर करडी लव आली, काही हिरवी पिसेही आली. मग एके दिवशी मावशीने स्वतःच वनखात्याला फोन लावायला सांगितले. आलेल्या माणसांनी कागद केला आणि त्याला इतर पोपटांबरोबर ठेवू, असे सांगितले. “चार पाखरांत राहू दे,” एवढेच मावशी म्हणाली. पिंजरा तिने भंगारात घातला.

पिंजरा गेल्यावर आम्हा भाचरांना सुचले, की काका गेल्यापासून मावशीही मागच्या पडवीतच होती. तिने पिसे उपटली नाहीत, म्हणून कोणी तिला कुठे नेले नाही.

आता रोज रात्री साडेआठला आमच्या घरातून डिचोलीला फोन जातो. पाळी मुलांची. पलीकडून फोन उचलला की धाकटी पहिला प्रश्न विचारते, “ऊटा आतेनु?”