सवलतीच्या तिकिटावरील 'गोल्ड' मान संपुष्टात

ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून प्रवाशांचा दर्जा अंतर व आसनश्रेणीऐवजी खर्चावर ठरविण्यास प्रारंभ केला आणि हिशेबी प्रवाशांची जुनी वाट बुजली. विश्रांतिकक्षासारख्या सुविधा देणाऱ्या 'गोल्ड' दर्जासाठी पूर्वी १५०० गुण लागत. लंडनहून महाग पडणारा बिझनेस क्लासचा प्रवास अन्य युरोपीय शहरांतून अनेकदा सवलतीत मिळे. गुण मात्र तेवढेच, वर लंडनपर्यंतच्या उड्डाणाचे वेगळे! काही जण तर निव्वळ गुणांसाठीच उडत. आता एका पौंडास एक गुण, तोही सरकारी कर वगळून. आणि गोल्डसाठी हवेत २० हजार. कंपनीच्या पैशाने फिरणाऱ्यास हे फारसे जड नाही. पदरमोड करणारा मात्र कितीही निष्ठावान असला तरी मागेच राहणार. अमेरिकेच्या डेल्टाने २०२५ च्या दर्जासाठीच उड्डाणांचे अंतर बाद करून केवळ खर्च ग्राह्य धरला होता.