कृष्णविवर आणि आपली रूपके

साहित्याच्या वर्गात 'कृष्णविवर' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. कवितेतील उदासी गडद झाली की 'अस्तित्वाचे कृष्णविवर' असे लिहून समीक्षक मोकळा होतो. जिथे सारे गडप होते आणि ज्याविषयी काही बोलताच येत नाही, अशी जागा. (आमच्याही हातून हे घडले आहे.) आमचा आक्षेप असा, की ज्या वस्तूवरून हे रूपक उचलले, तिच्याविषयी आता बरेच नेमके बोलता येते.

हंस तारकासमूहातील 'सिग्नस एक्स-१' घ्या. अंतर सुमारे ७,२०० प्रकाशवर्षे, वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट. सोबतच्या ताऱ्याचा वायू त्याच्याकडे ओढला जातो, तबकडीसारखा भोवती फिरतो, तापतो. तबकडीतून निघालेले किरण तप्त इलेक्ट्रॉनांच्या ढगात विखुरतात आणि क्ष-किरण होऊन आपल्यापर्यंत येतात. क्ष-किरण दुर्बिणीला हे सारे निव्वळ एक ठिपका दिसते. मात्र विखुरताना किरणांच्या कंपनांना एका दिशेचा किंचित कल येतो, आणि ढगाचा आकार त्या कलात उतरतो. यालाच ध्रुवण म्हणतात. वृत्तपत्रांतील निवडणुकीच्या 'ध्रुवीकरणा'शी त्याची गल्लत करू नये.

डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या 'आयएक्सपीई' उपग्रहात क्ष-किरणाचा कण वायूत शिरून एक इलेक्ट्रॉन उडवतो, आणि त्या इलेक्ट्रॉनाच्या वाटेची दिशा नोंदली जाते. एका वाटेवरून काहीच ठरत नाही. असंख्य वाटा जमवाव्या लागतात. २०२२ साली हाती आलेला आकडा सुमारे ४ टक्के होता, आणि कलाची दिशा तिथून निघणाऱ्या झोताला समांतर. एवढ्यावरून कळले, की तो ढग झोताच्या दिशेने उभा नसून तबकडीच्या अंगाने पसरला आहे. हे ४ टक्केही अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. तबकडी आपल्याला बरीचशी वरून दिसते, असे मानले जात होते. तिचा आतला भाग अधिक कललेला असावा, अशी शंका त्यातून पुढे आली. अधिक ऊर्जेच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने 'पोलिक्स' हे उपकरण बांधले. ते 'एक्सपोसॅट'मधून १ जानेवारी २०२४ रोजी अवकाशात गेले.

वस्तुतः मराठीत या विषयाची सुरुवात चांगली झाली होती. जयंत नारळीकरांनी टोपणनावाने पाठवलेल्या 'कृष्णविवर' या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. विषय जाणणाऱ्याने तो कथेत आणला होता. पुढे आपण फक्त काळोख तेवढा उचलला. यापुढे उत्तरपत्रिकेत 'दुःखाचे कृष्णविवर' आढळले, तर समासात आम्ही एवढेच विचारणार आहोत: मग भोवतीची तबकडी कोणती?