दारावरची पाटी आणि मौनाचा अर्थ

टेक्सासमध्ये नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या, चळवळीतल्या एका जुन्या मित्राचा मेसेज आला. भीमजयंतीसाठी त्यांनी हॉल भाड्याने घेतला होता. मुलांचे नाटुकले, भाषणे, जेवण असा बेत. प्रश्न एकच होता: दारावर "आत पिस्तूल आणू नये" अशी पाटी लावायची की नाही? कार्यकर्त्यांत दोन गट पडले होते. एक गट म्हणे, लावा, मुले-बाळे आहेत. दुसरा गट म्हणे, शोषितांच्या हातातले शस्त्र व्यवस्थेने कायम काढून घेतले, आता आपणच शस्त्रबंदीची पाटी लावायची? आपण कुणाच्या बाजूने आहोत?

हा दुसरा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडचे तरुणही अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या हातातल्या बंदुकांचे फोटो अभिमानाने शेअर करतात. म्हणून याचे उत्तर भावनेने नव्हे, कायदा आणि इतिहास समोर ठेवून दिले पाहिजे.

आधी कायदा बघू. टेक्सासमध्ये परवानाधारक माणूस कपड्याखाली पिस्तूल लपवून थिएटरात, दुकानात, हॉलमध्ये जाऊ शकतो. मालकाला ते नको असेल तर तसे कळवण्याची जबाबदारी मालकाची. हे कळवायचे कसे, तेही कायद्यानेच ठरवले आहे. तिथल्या दंडसंहितेच्या कलम 30.06 प्रमाणे पाटीवर ठरावीक मजकूर हवा, तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, अक्षरे ठळक आणि किमान एक इंच उंचीची हवीत, रंग उठून दिसणारे हवेत आणि पाटी लोकांना स्पष्ट दिसेल अशी हवी. पिस्तुलाच्या चित्रावर लाल फुली मारलेला कागद चिकटवला, तर परवानाधारकाविरुद्ध या कलमाखाली तो पुरेसा नाही. उघडपणे पिस्तूल बाळगणाऱ्यासाठी वेगळे कलम 30.07, वेगळी पाटी. 2021 पासून टेक्सासने परवान्याशिवायही पिस्तूल बाळगायला मुभा दिली, मग त्यांच्यासाठी 30.05 ची तिसरी पाटी. म्हणजे एका थिएटरच्या दाराला तीन पाट्या! आणि नेमकी पाटी असूनही कुणी लपवलेले पिस्तूल घेऊन शिरलाच, तर शिक्षा काय? जास्तीत जास्त 200 डॉलर दंड. तोंडी सांगूनही बाहेर गेला नाही, तरच गुन्हा गंभीर होतो.

आता हवाई राज्याकडे बघा. 2022 मध्ये ब्रूएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल बाळगणे हा घटनात्मक हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये हवाईने नियम उलटा केला. लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागेत मालकाने स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच पिस्तूल आत. पाटी नसेल तर पिस्तूल बाहेर. हा वाद वुल्फर्ड खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने तो सुनावणीसाठी घेतला.

मित्रांनो, पाटीवर काय लिहिलेय हा इथे मुख्य प्रश्नच नाही. पाटी नसेल तेव्हा काय, हा खरा प्रश्न आहे. मालक काहीच बोलला नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय लावायचा? टेक्सास म्हणते, मौन म्हणजे होकार. हवाईने 2023 मध्ये म्हटले, मौन म्हणजे नकार. कायदा मौनाचा अर्थ ज्याच्या बाजूने लावतो, त्याच्या बाजूने सत्ता झुकलेली असते. हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. कागद बोलत होता, गाव मात्र गप्प होते. त्या मौनाचा अर्थ अस्पृश्यांसाठी "नाही" असाच होता. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले आणि ते मौन फुटले, लाठ्या बाहेर आल्या. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला.

आता शस्त्रांचा इतिहास. दुसऱ्या गटातल्या कार्यकर्त्यांचे म्हणणे खोटे नाही. 1857 च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्या माणसाला नागरिक का मानता येणार नाही याची जी कारणे दिली, त्यात एक असे होते की तसे केले तर त्याला शस्त्र घेऊन कुठेही फिरता येईल. गुलामगिरी संपल्याबरोबर 1865 मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. 1956 मध्ये माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. 1967 मध्ये ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात पोचले. त्याच वर्षी राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक उघड बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या मल्फर्ड कायद्यावर सही केली. ज्या पँथरचे नाव आपल्या दलित पँथरने 1972 मध्ये घेतले, त्यांचीच ही गोष्ट.

एवढेच नाही. हवाईच्या या नियमाला टेकू म्हणून खालच्या न्यायालयाने जे जुने कायदे दाखवले, त्यातला एक लुईझियानाचा 1865 चा आहे. मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या जमिनीवर बंदूक नेऊ नये, असा. 1865 आणि लुईझियाना हे दोन शब्द एकत्र आले की समजून जायचे. जमीन गोऱ्या मळेवाल्याची आणि त्यावर राबणारा कालपर्यंतचा गुलाम. चांगल्या नियमाला असल्या वाईट पूर्वजाची साक्ष काढावी लागते, ही त्या देशाच्या कायदेपद्धतीची शोकांतिका आहे. मनुस्मृतीत एखादे वाक्य स्वच्छतेबद्दल सापडले म्हणून आपण तिचा दाखला देऊ का? नियम आजच्या न्यायबुद्धीवर उभा राहिला पाहिजे.

तरीही मी मित्राला सांगितले: पाटी लावा. का, ते सांगतो.

पहिले कारण. काळ्यांना शस्त्र नाकारणारे कायदे माणूस बघून केलेले होते. पाटी वस्तू बघते. हा फरक आपण विसरायचा नाही. एकेकाळी अमेरिकेत थिएटरचा मालक काळ्या प्रेक्षकाला दारातून परत पाठवायचा. 1875 च्या नागरी हक्क कायद्याने त्याला मनाई केली, पण 1883 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या खटल्यांत सॅन फ्रान्सिस्को आणि न्यूयॉर्कच्या थिएटरांचीही प्रकरणे होती. पुन्हा तो हक्क मिळायला 1964 उजाडावे लागले. आपल्या संविधानाने मात्र कलम 15(2) मध्ये दुकाने, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे सरळ नावे घेऊन खुली केली. जन्माने चिकटलेली जात दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. पिस्तूल गाडीत ठेवून येता येते. म्हणून मालकाच्या हक्काला आपला आंधळा पाठिंबा नाही आणि आंधळा विरोधही नाही. पाटी माणसाला अडवते की वस्तूला, एवढी एकच कसोटी लावा.

दुसरे कारण. "हल्लेखोर पाटी वाचत नाही" हा युक्तिवाद नेहमी होतो. 20 जुलै 2012 ला कोलोराडोतल्या ऑरोरा इथल्या थिएटरात बारा माणसे मारली गेली. तो मारेकरी कुठल्या पाटीने थांबला नसता, हे मान्य. पण पाटी त्याच्यासाठी नसतेच. ती आहे तुमच्या-आमच्यासारख्या, रागाच्या भरात तोल जाणाऱ्या माणसासाठी. जानेवारी 2014 मध्ये फ्लोरिडातल्या एका थिएटरात सिनेमा सुरू होण्याआधी मोबाईलवर मेसेज करण्यावरून दोघांत वाद झाला. पॉपकॉर्न फेकले गेले. समोरच्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने पिस्तूल काढून गोळी झाडली, एका लहान मुलीचा बाप मेला. 2022 मध्ये ज्युरीने त्या अधिकाऱ्याला स्वसंरक्षण मान्य करून निर्दोष सोडले. तिथे पिस्तूल नसते तर काय झाले असते? फार तर कॉलर धरली असती.

तिसरे कारण सर्वात महत्त्वाचे. हक्क कागदावर सारखा असला तरी गोळी सारखी वागत नाही. 2016 मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे परवाना होता. आपल्याजवळ पिस्तूल असल्याचे त्याने स्वतःहून, नम्रपणे सांगितले. काही क्षणांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या. गाडीत त्याची जोडीदार आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. 2017 मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. गोऱ्या माणसाच्या कंबरेचे पिस्तूल हक्क ठरते, काळ्याच्या कंबरेचे पिस्तूल मृत्यूचे कारण ठरते. जिथे शस्त्र सर्वांना खुले असते, तिथे त्याचा फायदा आधीच बळकट असलेल्यालाच मिळतो.

आता कुणी विचारेल, मग शोषिताने स्वतःचे रक्षण करायचे कसे? याचे उत्तर टेक्सासमध्ये शोधू नका, आपल्याच कायद्यात आहे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. इथे मौनाचा अर्थ "नाही" हाच आहे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या 1995 च्या नियमांतला नियम 3 काढून वाचा. अत्याचारप्रवण भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास स्वसंरक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तिथे लिहिले आहे. म्हणजे आपला कायदा आधी बळकटाच्या हातातले शस्त्र काढा म्हणतो, मग दुबळ्याच्या रक्षणाचा विचार करतो. समतेचा क्रम हाच असतो.

पण या नियमावर तुमच्या जिल्ह्यात किती अंमल झाला? जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे नोंदली, तिथे नियम 3 खाली किती परवाने रद्द केले, किती शस्त्रे जमा केली, किती दलित-आदिवासींना परवाने दिले. उत्तर आले तर हातात पुरावा येईल. नाही आले तर अपील करा. प्रशासनाच्या मौनालाही अर्थ असतो आणि तो आपणच वाचून दाखवायचा असतो.

मित्राने पाटी लावली. इंग्रजी आणि स्पॅनिशमधला कायद्याचा मजकूर, इंचभर अक्षरांत. त्याच्याखाली मराठीत एक ओळ त्यांनी स्वतःची लिहिली: "या दारातून सगळी माणसे आत येऊ शकतात." कायद्याला त्या ओळीची गरज नव्हती. आपल्याला होती.

जय भीम!