दोन जलाशयांमधली डोंगरसोंड

द्वीपकल्प म्हटले की समुद्र डोळ्यांपुढे येतो. पण पुण्याच्या पश्चिमेला माणसाने घडवलेले एक द्वीपकल्प आहे. एकीकडे आंबी नदीवरचे पानशेत धरण, दुसरीकडे मोशी नदीवरचे वरसगाव, आणि मधे सह्याद्रीपासून पूर्वेकडे उतरत आलेली डोंगराची सोंड. या सोंडेच्या आसपासची गावे मला ‘पर्यटनस्थळ’ वाटत नाहीत. ती पुण्याच्या घरातलीच, पण विस्मरणात गेलेली माणसे वाटतात.

कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप, वर कौले, पुढे पडवी. पावसाळ्यात खाचरात भात, उतारावर नाचणी आणि वरी. गावाबाहेर देवराई. तिथली फांदी तोडायची नाही हा दंडक कुठल्या कायद्याने घातलेला नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची दखल घेतली, तोवर शिकल्यासवरल्या शहराला त्यांचे महत्त्व उमगले नव्हते.

हे मोसे खोरे शिवरायांचे सवंगडी बाजी पासलकर यांचे. वरसगावच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे, पानशेतला तानाजींचे. नावे मोठी दिली. पण त्या पाण्याखाली शेते, घरे, देवळे गेली, हे आपण किती वेळा आठवतो? पुणेकरांना पानशेत म्हटले की १२ जुलै १९६१ चा पूर आठवतो. तो आठवायलाच हवा. पण आपला पूर एका दिवसाचा होता. खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनीवर पाणी चढले ते कायमचे.

पानशेतची साठवण सुमारे १०.६५ टीएमसी, वरसगावची १२.८२. हेच पाणी खडकवासल्यात येते आणि तिथून आपल्या नळाला. आणि धरणाच्या काठावरच्या वाडीतली बाई मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन चढण चढते, कारण पाणी खाली आणि वाडी वर. विकास कोणासाठी, हा प्रश्न विचारायला याहून वेगळा दाखला कशाला हवा?

म्हणून मुलांना घेऊन तिकडे जरूर जा. मात्र गाडीतली गाणी बंद ठेवा, बाटल्या आणि पिशव्या परत आणा. तिथल्याच घरी पिठले-भाकरी सांगा आणि तिचे पैसे घासाघीस न करता द्या. मुलांना धरणाची भिंत दाखवाल, तेव्हा पाण्याखाली काय आहे तेही सांगा. घरी येऊन नळ सोडताना त्यांचा हात जरा आवरला, तर ती सहल सार्थकी लागली असे मी समजेन.