विद्यार्थ्याच्या तक्रारीलाही धर्म असतो?

दर वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रातील शाळाशाळांमधून एक गोष्ट सांगितली जाते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली, गुरुजींचा हुकूम सुटलेला आणि शेंगा आपण खाल्ल्या नाहीत म्हणून टरफले उचलण्यास ठाम नकार देणारा विद्यार्थीदशेतील बाळ टिळक! वक्तृत्व स्पर्धेत ही गोष्ट रंगवून सांगणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून ‘ही शिक्षा अन्याय्य आहे’ असे म्हणाला, तर त्याच्या वाट्याला काय येते, हे पालकांना वेगळे सांगावयास नको. टिळकांची गोष्ट हवी, वर्गात टिळक नको, असा हा व्यवहार आहे.

वंगभंगाच्या काळात नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये तपासनिसाचे स्वागत ‘वंदे मातरम्’च्या घोषाने झाले आणि माफी मागण्यास नकार देणाऱ्या केशव हेडगेवारांना शाळेतून काढून टाकण्यात आले. पुढील शिक्षणासाठी त्यांना यवतमाळची राष्ट्रीय शाळा गाठावी लागली. त्या निर्णयाविरुद्ध अपील करायचे तरी कोणाकडे? निवाडा देणारी सत्ताच परकी होती. स्वराज्यात शाळकरी मुलावर ही पाळी येऊ नये, एवढी माफक अपेक्षाही पूर्ण व्हायला बासष्ट वर्षे लागली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रथमच या देशातील मुलांना तक्रारीची एक निश्चित वाट दाखविली.

ही वाट कलम ३२ मध्ये आहे. मुलाच्या या कायद्याखालील हक्कासंबंधी गाऱ्हाणे असलेली ‘कोणतीही व्यक्ती’ स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद, नगरपालिका वा महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करू शकते. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा आहे. तो मान्य नसेल, तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई करणारे कलम १७, देणगी उकळण्यास बंदी करणारे कलम १३, प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकू नये असे बजावणारे कलम १६, या साऱ्यांना दात देणारे कलम हेच. कागदावर तरी!

कागदावर म्हणण्याचे कारण स्पष्ट आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाविरुद्धची तक्रार ऐकणार कोण, तर जिल्हा परिषदच. आरोपीचा मालक तोच न्यायाधीश. आयोग चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार वापरू शकतो; परंतु शेवटी सरकारकडे शिफारस करणे वा न्यायालयात जाणे, एवढेच त्याच्या हाती उरते. त्यात हा कायदा सहा ते चौदा वयापुरता. नववीत पाऊल टाकताच मुलाचे अपील संपते. जणू दहावीच्या वर्गात अन्याय होतच नाही.

परंतु हे दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. खरा प्रश्न निराळा आहे आणि त्याविषयी बोलण्याचे धैर्य पुरोगामी म्हणविणाऱ्या वर्तुळात कोणी दाखवीत नाही. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही तीच सूट दिली. चर्चा झाली ती पंचवीस टक्के राखीव जागांची. पण संपूर्ण कायदाच लागू नाही म्हटल्यावर त्यातील कलम १७ गेले आणि कलम ३२ ही गेले, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन शाळा आहेत असे समजा. डावीकडील शाळेत छडी खाल्लेल्या मुलाला तीन महिन्यांत निकाल मागण्याचा आणि अपिलाचा हक्क आहे. उजवीकडील शाळेतील मुलाला नाही. फरक मुलात नाही, छडीत नाही. संस्थाचालकांच्या दाखल्यात आहे!

तेथे शिकतात तरी कोण? राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार अल्पसंख्याक शाळांतील साडेबासष्ट टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाचे नाहीत. ख्रिस्ती शाळांत हे प्रमाण ७४ टक्के आहे. म्हणजे संरक्षण अल्पसंख्याकांच्या नावाने आणि त्याची किंमत मोजणार बहुसंख्याकांची मुले. उरलेल्या मुसलमान व ख्रिस्ती मुलांचे तरी यात कोणते कल्याण साधले? त्यांच्या पाठीला छडी कमी लागते काय? घटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला हक्क संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा आहे, मुलाचे तोंड बंद करण्याचा नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर राष्ट्रीय आयोगाला राज्यांना पत्र लिहावे लागले. राखी, टिळा वा मेंदी यांवरून मुलांना शिक्षा होऊ नये, असे त्यात बजावले होते आणि आधार होता तो कलम १७ चा. मनगटावरील राखी काढून घेतली गेलेली मुलगी अल्पसंख्याक शाळेत शिकत असेल, तर हा आधार तिच्या कामाचा नाही. २००५ च्या कायद्यान्वये ती आयोगाला अर्ज करू शकेल, गंभीर प्रकार असेल तर पोलिसांत जाऊ शकेल. परंतु ठराविक मुदतीत निकाल आणि त्यावर अपील, हा तिच्या मैत्रिणीला शेजारच्या शाळेत असलेला साधा हक्क तिला नाही.

येथे हिंदू समाजानेही आपले अंगण पाहणे आवश्यक आहे. २०१२ च्या दुरुस्तीने मदरशांबरोबर वेदपाठशाळाही कायद्याबाहेर ठेवल्या. त्यात समाधान मानण्याजोगे काहीच नाही. मदरशातील मुलाइतकाच वेदपाठशाळेतील बटूही या हक्काला मुकला आहे. मुंबईत तर हिंदू न्यासांच्याच कित्येक शाळा भाषिक अल्पसंख्याकत्वाचा दाखला भिंतीवर लावून आहेत. संस्कारांचा वारसा सांगणाऱ्या संस्थांतूनही ‘गुरूविरुद्ध तक्रार हा गुरुद्रोह’ असे ऐकविले जाते. कोणत्या परंपरेत? पित्याच्या दानातील खोट दाखवून प्रश्न विचारणारा नचिकेत याच परंपरेचा आहे. जनकाच्या सभेत याज्ञवल्क्यांना प्रश्नांनी घेरणारी गार्गीही याच परंपरेची. प्रश्नोपनिषद हे नावच शिष्यांच्या प्रश्नांवरून पडले. गुरूला भिऊन गप्प बसणे ही संस्कृती नव्हे, ती मेकॉलेच्या कारकुनी शाळेची शिस्त आहे.

तक्रार ऐकून न घेण्याची किंमत काय असते, हे बदलापूरने दाखवून दिले. चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराची फिर्याद नोंदविण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावे लागले आणि २० ऑगस्ट २०२४ रोजी संतप्त नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती तात्काळ पोलिसांना कळविणे सर्वांवर बंधनकारक असून, न कळविणे हा गुन्हा आहे. त्यानंतर शासनाने कॅमेरे, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांचे आदेश काढले. तक्रारपेटीचा आदेश २०१७ मध्येही निघाला होता, आणि सखी सावित्री समितीचा २०२२ मध्ये! मग सात वर्षे पेट्या कोठे होत्या? आणि पेटीची किल्ली मुख्याध्यापकांच्याच खणात राहणार असेल, तर मुख्याध्यापकांविषयीची चिठ्ठी तिच्यात टाकणार कोण?

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी शिक्षक पात्रता परीक्षेच्या प्रकरणात ‘प्रमती’ निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. विधिमंडळाला मात्र तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. अल्पसंख्याक संस्थांवरही विद्यार्थिहितासाठी वाजवी नियमन घालता येते, हे अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात मान्य केले आहे. महाराष्ट्राने स्वतःचा तक्रार-निवारण कायदा करावा. अनुदान, माध्यम वा धर्म न पाहता तो पहिलीपासून बारावीपर्यंतच्या प्रत्येक शाळेला लागू असावा. अर्ज देणाऱ्या मुलाला त्याच दिवशी शिक्क्यानिशी पोच मिळावी, निकाल कारणांसह लेखी असावा आणि अपील ऐकणाऱ्या मंडळावर त्या शाळेचा चालक वा त्याचा वरिष्ठ बसू नये. अशा विधेयकाला विरोध कोण करतो, हे तरी त्या निमित्ताने सभागृहाच्या नोंदीत येईल.